‘खाऊ द्या त्याला’ या दयेचा प्रतिवाद

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे किंवा प्रौढाचे वजन वाढत चालले आहे हे घरातल्या कोणाच्या ध्यानात आले आणि त्याने ते बोलून दाखवले, की त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकायला मिळते: खाऊ द्या त्याला, त्या बिचाऱ्याला दुसरे सुख तरी काय आहे. भंडारा जिल्ह्यातील तुमसरच्या बाजारपेठेतल्या घरात, डोंगरी बुजरुकच्या खाणकामगारांच्या वस्तीत किंवा वैनगंगेकाठच्या खेड्यात हे उत्तर जितक्या मायेने दिले जाते, तितक्याच मायेने ते पुण्या-मुंबईतही दिले जाते, आणि देणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. तरीही ते चुकीचे आहे. ज्याच्या भल्यासाठी ते दिले जाते त्याचेच आयुष्य ते कमी करते. शिवाय वाढत्या वजनाचे खापर ते अशा रीतीने त्याच्या भुकेवर फोडते, की ज्यांनी त्याचे ताट वाढले, ज्यांनी त्याला गोळ्या लिहून दिल्या आणि ज्यांनी अठराव्या वर्षी त्याची शाळा संपवून त्याला घरी बसवले, ते सगळेच नामानिराळे राहतात.

बौद्धिक अक्षमता म्हणजे वाढीच्या वयातच दिसू लागणारी अशी अवस्था, जिच्यात तर्क करणे, शिकणे, प्रश्न सोडवणे ही बौद्धिक कार्ये आणि कपडे घालण्यापासून पैशांच्या व्यवहारापर्यंतची रोजच्या जगण्याची कौशल्ये या दोहोंवर लक्षणीय मर्यादा पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने मान्य केलेल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये तिची गणना विशिष्ट अध्ययन अक्षमतेहून, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित यांपुरत्या अडचणीहून, वेगळी केलेली आहे. व्यवहारात मात्र तिला अजूनही मतिमंदत्व किंवा गतिमंदत्व म्हटले जाते. 2011च्या जनगणनेत देशातील अशा व्यक्तींची संख्या 15 लाखांवर नोंदली गेली होती. लठ्ठपणा ठरवण्याचे नेहमीचे माप म्हणजे शरीर वस्तुमान निर्देशांक, जो किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून काढतात आणि ज्याला दवाखान्यात बीएमआय म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तो 30च्या वर गेला की लठ्ठपणा मानतात. भारतीय शरीरात त्याच वजनाला चरबीचे प्रमाण अधिक असल्याने भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली 23च्या वर जादा वजन आणि 25च्या वर लठ्ठपणा अशी मर्यादा ठरवली, आणि तिच्या जोडीला कंबरेचा घेर पुरुषात 90 व स्त्रीत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले.

सुखाचा युक्तिवाद प्रथम घेतला पाहिजे, कारण बाकीचे समज त्याच्याच आधाराने उभे आहेत. खाण्यात सुख आहे हे कोणी नाकारत नाही, आणि वजन वाढलेल्या माणसाकडून ते हिरावून घेण्याचा अधिकारही कोणाला नाही. परंतु एखाद्याच्या आयुष्यात खाणे हे एकच सुख उरले असेल, तर ते त्याच्या बुद्ध्यंकामुळे उरलेले नसते. इतर सुखांच्या वाटा एकेक करून बंद झाल्यामुळे, आणि बहुतेकदा इतरांनी त्या बंद केल्यामुळे, उरलेले असते. ज्याचे दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक आहे अशा मुलाला कायद्याने 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि विशेष शाळेत जाणारे मूल निदान सकाळी उठून तयार होते, गाडीत चढते, प्रार्थनेला उभे राहते, मैदानावर धावते. अठरावे वर्ष सरले की हे सारे थांबते. त्यापुढची पायरी म्हणजे कर्मशाळा, जिथे मेणबत्त्या, फाईली, पाकिटे अशी कामे शिकवतात आणि करून घेतात. पण अशा कर्मशाळा मोठ्या शहरांभोवती एकवटलेल्या आहेत आणि तालुक्याच्या गावातल्या तरुणाला त्यांचा उपयोग सहसा होत नाही. मग तो घरी बसतो, आणि त्याच्या दिवसाला आकार देणाऱ्या घटना म्हणजे सकाळचा चहा आणि बिस्किटे, नाश्त्याचे पोहे, दुपारचा भात, चारच्या सुमारास कोणी आणून दिलेला आलूबोंडा आणि रात्रीचे जेवण एवढ्याच राहतात. मुलगी असेल तर कोंडी अधिक घट्ट होते, कारण तिला पाळी सुरू झाली की तिच्या सुरक्षिततेच्या भीतीने, आणि ती भीती निराधार मुळीच नाही, तिचे अंगणाबाहेर जाणेही बंद केले जाते. अशा माणसाने ताटाची वाट पाहिली तर तो त्याचा हावरटपणा ठरत नाही. दिवसभरात वाट पाहण्यासारखे दुसरे काही त्याच्यासाठी ठेवलेलेच नसते.

दुसरे काही ठेवता येते, याचा पुरावा शोधायला विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांसाठी चालवलेल्या बालगृहातील मुलामुलींनी, ज्यांत बौद्धिक अक्षमता असलेलीही पुष्कळ आहेत, उजाड टेकडीवर हजारो झाडे लावली आणि पाणी घालून जगवली. 2024 साली पापळकरांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या करुणेचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. परंतु त्या टेकडीकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहिले पाहिजे, कारण रोज बादली उचलून चढण चढणाऱ्या शरीराला व्यायामाचा वेगळा तास लावून द्यावा लागत नाही, आणि आपण लावलेले झाड वाढताना पाहणाऱ्या माणसाविषयी ‘त्याला दुसरे सुख काय’ असे म्हणताही येत नाही.

या दयेचे एक सार्वजनिक रूपही आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गावातील प्रतिष्ठित व्यक्तीचा वाढदिवस, एखाद्याचे पुण्यस्मरण, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी अशा निमित्तांनी विशेष शाळांत आणि बालगृहांत जिलेबी, केक, बुंदी, चॉकलेटे वाटण्याची प्रथा महाराष्ट्रभर रुजली आहे. देणाऱ्याला आपण वर्षातून एकदाच देतो असे वाटते, घेणाऱ्या संस्थेत मात्र असे देणारे अनेक असतात. ज्याला खरोखर काही द्यायचे आहे त्याने दोन फुटबॉल द्यावेत, सहलीसाठी बसचे भाडे द्यावे, खेळशिक्षकाचे एका महिन्याचे मानधन द्यावे किंवा टोपलीभर पेरू, संत्री आणि उकडलेले सिंगाडे द्यावेत. शाळेच्या आतही खाऊचे असेच स्थान असते: मुलाने सांगितलेले काम केले की गोळी किंवा बिस्किटाचा तुकडा हातावर ठेवणे ही वर्तन बदलण्याची जुनी, परिणामकारक आणि शिक्षकांना शिकवली जाणारी पद्धत आहे. शिकण्याच्या अगदी सुरुवातीला ती क्षम्यही आहे. मात्र तिच्या जागी लवकरच कौतुकाचा शब्द, टाळी, आवडते गाणे किंवा झोपाळ्यावरचे दहा झोके आले नाहीत, तर बारा वर्षांच्या शाळेतून मूल इतर काही शिको न शिको, चांगले वागण्याचे फळ तोंडात पडते एवढे मात्र पक्के शिकून बाहेर पडते.

वजन हा त्या अवस्थेचाच भाग आहे, त्याला इलाज नाही, असा दुसरा समज आहे आणि तो डॉक्टरांकडूनही ऐकू येतो. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो अधिक काळजीपूर्वक तपासला पाहिजे. डाऊन सिंड्रोम ही अवस्था, जिचे वर्णन जॉन लँग्डन डाऊन यांनी 1866 साली केले आणि जिचे कारण म्हणजे पेशींमधील एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असल्याचे जेरोम लजून यांच्या गटाने 1959 साली दाखवले, तिच्यात शरीराची उंची कमी राहते, स्नायू सैल असतात आणि विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा सामान्याहून कमी असू शकते. त्यामुळे भावंडाइतकेच जेवण या मुलाला जास्त होते. तथापि याच व्यक्तींमध्ये थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावण्याचे प्रमाण खूप अधिक असते, आणि ही मंदगती वजन वाढवते, सुस्ती आणते, बद्धकोष्ठता करते, त्वचा कोरडी पाडते, पण साध्या रक्ततपासणीत सापडते आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने आटोक्यात राहते. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीची ही तपासणी दरवर्षी व्हावी असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. अशा व्यक्तींमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा विकारही पुष्कळ आढळतो. त्याने रात्रीची झोप तुटते, माणूस दिवसा पेंगतो, पेंगणारा माणूस हालचाल टाळतो, त्याने वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाने श्वास आणखी अडकतो. घरचे त्याला आळशी म्हणतात, डॉक्टर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ‘या मुलांचे असेच असते’ म्हणतात, आणि घोरण्याविषयी कोणी विचारतच नाही. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली या वैद्यकीय चुकीकडे लक्ष वेधले होते: मूळ अक्षमतेचे निदान इतके मोठे दिसू लागते की त्याच्या सावलीत दुसरा, उपचार होण्याजोगा आजार झाकला जातो. इलाज नाही असे म्हणणाऱ्याने थायरॉईडची तपासणी करून पाहिली होती काय, हा त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न होय.

अवस्थेतूनच निघणारी अनिवार भूक असलेला एक विकार खरोखर आहे. 1956 साली स्वित्झर्लंडमधील प्रेडर, लाबहार्ट आणि विली यांनी वर्णिलेल्या आणि आज प्रेडर-विली सिंड्रोम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत पंधराव्या गुणसूत्रावरील दोषामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूला नीट पोहोचत नाही. मूल बाळपणी दूधही ओढत नाही आणि काही वर्षांनी मात्र त्याची भूक कशानेच भागत नाही. इथे स्वयंपाकघराला कुलूप लावणे हा उपचाराचा भाग ठरतो आणि त्याबद्दल पालकांना बोल लावणे अन्यायाचे आहे. पण हा विकार अतिशय विरळ असून त्याच्यावरून सर्व बौद्धिक अक्षमतेविषयी नियम काढणे हे शास्त्राला धरून नाही.

वजनवाढीचे जे कारण सर्वांत कमी बोलले जाते आणि ज्याची जबाबदारी सर्वांत स्पष्टपणे इतरांकडे जाते, ते म्हणजे औषधे. आदळआपट करणाऱ्या, स्वतःला चावणाऱ्या, रात्र-रात्र न झोपणाऱ्या मुलाला घेऊन पालक नागपूर गाठतात, आणि तिथे त्याला बहुधा रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन यांसारखे मनोविकारविरोधी औषध सुरू होते. ही औषधे मेंदूतील ज्या ग्राहींवर काम करतात त्यांतल्या काहींचा भूक आणि तृप्तीशी थेट संबंध आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका गाजलेल्या चाचणीत स्वमग्नता असलेल्या 101 मुलांना आठ आठवडे रिस्पेरिडोन किंवा निरुपद्रवी बनावट गोळी देण्यात आली. औषधाने चिडचिड खरोखरच मोठ्या प्रमाणात कमी झाली, पण औषध घेणाऱ्यांचे वजन त्या दोन महिन्यांत सरासरी 2.7 किलोने वाढले, तर बनावट गोळी घेणाऱ्यांचे 0.8 किलोने. दोन महिन्यांचा हा फरक औषध पाच-सात वर्षे चालले तर कुठे जाऊ शकतो, याचा विचार चिठ्ठी लिहिणाऱ्याने करायचा असतो. अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, दिले जाणारे सोडियम व्हॅलप्रोएटही अनेकांचे वजन वाढवते, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्मार पुष्कळांना असतो.

ही औषधे कोणाला दिली जातात हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील सामान्य दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि 2015 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात मनोविकारविरोधी औषध घेणाऱ्या बौद्धिक अक्षम प्रौढांपैकी 71 टक्के जणांच्या नावावर गंभीर मनोविकाराची नोंदच नव्हती. औषध बहुधा वर्तनासाठी दिले जात होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्यसेवेने असा अनावश्यक औषधोपचार थांबवण्याची मोहीम हाती घेतली. तुमसर तालुक्यात ही समस्या वेगळ्या वाटेने वाढते: तज्ज्ञ दूर असतो, एकेका फेरीत मजुरीचा दिवस बुडतो, त्यामुळे एकदा लिहिलेली चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून वर्षानुवर्षे तीच गोळी आणली जाते आणि ती अजून लागते का, तिची मात्रा कमी करता येईल का, तिने वजन किती वाढले, साखर किती वाढली, हे प्रश्न विचारणारा माणूसच वाटेत कुठे भेटत नाही. बोलता न येणारे मूल आदळआपट करते तेव्हा त्यामागे दुखणारी दाढ, फुटलेला कान, चार दिवस न झालेले पोट किंवा पाळीची कळ असू शकते, आणि हे आधी पाहिले तर गोळीची गरज काही वेळा उरतच नाही. याचा अर्थ पालकांनी औषध आपल्या मनाने बंद करावे असा अजिबात नाही. फिट्सची गोळी अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते आणि इतर औषधेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असतात. गोळी आवश्यकच असेल तेव्हा वजनावर कमी परिणाम करणारे दुसरे औषध निवडणे किंवा जोडीला मेटफॉर्मिन देणे हे पर्याय तज्ज्ञांना ठाऊक आहेत. पण ते विचारले गेले पाहिजेत, आणि ज्याचे वजन गोळीने वाढवले त्याला ‘जिभेवर ताबा ठेव’ म्हणून रागावणे तर थांबलेच पाहिजे.

भंडारा जिल्ह्यात कुपोषण असताना लठ्ठपणाची चर्चा हा शहरी चोचला आहे, असा आक्षेप कार्यकर्त्यांकडून येतो. तो प्रामाणिक आहे, परंतु लठ्ठपणा म्हणजे सुबत्ता हे त्यामागचे गृहीतक आता टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, परंतु महाराष्ट्रातील या किरकोळ बाळांत स्नायू कमी असूनही चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली होती. कमी वजनाने जन्मलेले आणि पुढे भाताने भरलेले शरीर मधुमेहाकडे लवकर झुकते. धान हे या तालुक्याचे मुख्य पीक आहे, तुमसरची बाजारपेठ आणि भातगिरण्या त्याच्यावर चालतात, अन्न सुरक्षा कायद्याखाली घरात येणारे धान्यही इथे मुख्यतः तांदूळच असते. त्यामुळे पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे भाताचा आणखी एक डाव, तर डाळ, अंडी, मासळी आणि भाजी यांना पैसे पडतात. शंभर ग्रॅम तांदळात साधारण 350 किलोकॅलरी असतात आणि प्रथिने जेमतेम सात ग्रॅम. एकाच ताटातून चरबी आणि कुपोषण दोन्ही येऊ शकतात, रक्तक्षय असलेली मुलगी लठ्ठही असू शकते. गरिबीचा मुद्दा काढायचाच असेल तर तो इथे काढावा: दिव्यांगांसाठीच्या आहारसल्ल्यात ओट्स, ऑलिव्ह तेल आणि सॅलड लिहून देणारा कागद तुमसरच्या मजुराच्या घरात निरुपयोगी आहे, आणि भात कमी करून त्या जागी घट्ट वरण, पोपटाच्या शेंगांतल्या दाण्यांची भाजी, तलावातली छोटी मासळी आणि पालेभाजी कशी बसेल हे सांगणारा माणूस मोलाचा आहे.

‘खाऊ द्या’च्या अगदी उलट टोकाची भूमिका म्हणजे धाक. डबे वर ठेवायचे, कडी घालायची, ताट हिसकावून घ्यायचे, सर्वांसमोर वजनावर टोमणे मारायचे, संस्थेत तर जेवण शिक्षेसारखे मोजून द्यायचे. प्रेडर-विलीसारखा अपवाद सोडला तर हा मार्ग आरोग्यशास्त्रालाही धरून नाही आणि कायद्यालाही. धाकाने माणूस कमी खायला शिकत नाही. लपून, घाईने, शेजाऱ्याकडे मागून खायला शिकतो. आणि 2016च्या अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता मान्य केली असून तिच्या निर्णयात तिला आधार देण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. ताटापुरता याचा अर्थ फार साधा आहे: काय खायचे हे ठरवताना तिच्यासमोर खरे दोन पर्याय ठेवायचे, ते बोलून समजत नसतील तर चित्राने किंवा प्रत्यक्ष पदार्थ दाखवून ठेवायचे, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा आणि मिळालेले उत्तर पाळायचे. ‘खाऊ द्या’ आणि ‘हिसकावून घ्या’ या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींतही त्या व्यक्तीला कोणी काही विचारलेले नसते.

दुर्लक्षाची किंमत किती असते हे इंग्लंडमध्ये मोजले गेले आहे. तेथील एका गोपनीय चौकशीने 2013 साली दाखवले की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष सर्वसाधारण लोकसंख्येतील पुरुषांपेक्षा सरासरी 13 वर्षे आणि स्त्रिया 20 वर्षे आधी मरत होत्या, आणि त्यांतील पुष्कळ मृत्यू चांगल्या आरोग्यसेवेने टळण्याजोगे होते. हा फरक एकट्या लठ्ठपणाचा नाही. पण निदान चुकणे, औषधांचा आढावा न होणे आणि वार्षिक तपासणी नसणे ही जी कारणे त्यामागे आहेत, तीच वजनाच्या प्रश्नामागेही आहेत. भारतीय घरात एक किंमत वेगळ्या खात्यावर पडते. मेंदूचा पक्षाघात आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असलेल्या पस्तीस वर्षांच्या मुलीला रोज उचलून न्हाणीघरात नेणारी आई साठीला आलेली असते, आणि मुलीचे वजन दहा किलोंनी वाढले की आईचे गुडघे आणि कंबर जातात. आई अंथरुणाला खिळली की त्या मुलीचे आयुष्य एका आठवड्यात कोसळते. वजन आटोक्यात ठेवणे म्हणजे तिचे घरात राहणे टिकवणे आहे.

प्रयत्न करूनही वजन उतरत नाही, हा शेवटचा आक्षेप अनुभवी पालकांचा आहे आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. ग्लासगो विद्यापीठात क्रेग मेलव्हिल आणि सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी ‘टेक फाइव्ह’ नावाचा कार्यक्रम बांधला, ज्यात रोजच्या आहारातून सुमारे 600 किलोकॅलरी कमी करणे, हालचाल वाढवणे आणि सवयी बदलणे यांची सोपी, चित्रमय सत्रे असतात, आणि त्या सत्रांत सांभाळणारी व्यक्तीही सोबत बसते. त्यातून मिळणारी घट माफकच राहिली हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्षाला चार किलोंनी वाढणारे वजन स्थिर राहिले तर तोही विजयच आहे, आणि दहा वर्षे वाढू दिलेले वजन सहा महिन्यांत उतरावे ही अपेक्षा कोणत्याच शरीराकडून ठेवता येत नाही. त्या कार्यक्रमातून घ्यायचे तत्त्व हे की सल्ला एकट्या रुग्णाला देऊन भागत नाही. ताट वाढणारी आई, चहाबरोबर बिस्किटाचा पुडा देणारे आजोबा, दुकानातून रोज कुरकुरे आणून देणारा भाऊ आणि वसतिगृहातील स्वयंपाकी यांना तो द्यावा लागतो, आणि सर्वांनी एकच ताट, एकाच मापाची वाटी आणि एकाच वेळा पाळाव्या लागतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या पुष्कळांना नेमकेपणा आवडतो, रोज त्याच वेळी त्याच वाटेने जाणे आवडते. तोच गुण सकाळ-संध्याकाळच्या चालण्यासाठी कामी येतो. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांटउड्या व डोक्यावर भार घेणारे व्यायाम टाळावेत आणि चालण्यात किंवा लघवीवरील ताब्यात अचानक बदल दिसला तर तातडीने डॉक्टर गाठावा, एवढी दक्षता मात्र हवी.

शासनयंत्रणेपुढचा प्रश्न पैशांपेक्षा जोडणीचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो आणि त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन जी प्रश्नावली भरते तिच्यात कंबरेचा घेर विचारलेला आहे, पण ती तिशीपासून पुढच्यांसाठी आहे. म्हणजे शाळा सुटते, घरी बसणे सुरू होते, औषधे मुरतात आणि वजन सर्वांत वेगाने वाढते, नेमकी तीच 18 ते 30 ही बारा वर्षे कोणत्याच यादीत येत नाहीत. आणि डाऊन सिंड्रोममध्ये तर वार्धक्याच्या खुणा लवकर दिसू लागत असल्याने तिशीची वाट पाहणे उशिराचे ठरते. अधिनियमाच्या 25व्या कलमाने, विशेषतः ग्रामीण भागात, दिव्यांग व्यक्तीच्या राहत्या परिसरात आरोग्यसेवा आणि उपचारात प्राधान्य देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. 2022 साली महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. आशा कार्यकर्तीला आपल्या गावातील अशी घरे ठाऊक असतात. तिची प्रश्नावली या व्यक्तींसाठी अठराव्या वर्षापासून भरावी असा एक शासकीय आदेश पुरेसा आहे.

अशीच जोडणी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या तपासणीतही करता येते. त्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंकाबरोबर व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापन वापरतात, ज्याचे भारतीय रूप नागपूरच्याच डॉ. ए. जे. मालिन यांनी सिद्ध केले, आणि त्याच्या आठ विभागांपैकी एक स्वतःच्या हाताने जेवता येण्याविषयी आहे. मूल पेल्याने पिते का, चमचा धरते का, हे तपासणारा कर्मचारी तिथे बसलेलाच असतो. त्याच टेबलाशी वजनकाटा, चाकाच्या खुर्चीसह वजन करता येईल असा सपाट काटा, मोजपट्टी आणि रक्ताचा नमुना घेण्याची सोय ठेवावी. चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि ती कधीपासून सुरू आहे हे लिहून घ्यावे. आणि त्या कागदाची एक प्रत तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवून दरवर्षी एक दिवस या व्यक्तींच्या तपासणीसाठी आणि नागपूरहून आलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून औषधांच्या आढाव्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे मजुरीचा दिवस बुडवून नागपूरची गाडी पकडण्याची वेळ आई-वडिलांवर येणार नाही.